बारा लाकडी शिपायांना तळ्यात सोडू नये

मी, गुणाजी राघोबा चितारी, वय त्रेसष्ट, धंदा गणपती घडवणे, राहणार नौपाडा, ठाणे, डोके ठिकाणावर असताना व मानेवर कोणी बसलेले नसताना लिहून ठेवतो की,

कलम १. घर व परसातला आंबा माझी विधवा मुलगी आवडाबाई हिला. पुतण्या परशुराम म्हणतो, मुलगा नाही म्हणून घर त्याचे. म्हणो बापडा.

कलम २. साचे व कुंचले शेजारी अँब्रोज सुतार याला. माझी पटाशी त्याने सात वर्षांपूर्वी नेली, तीही त्यालाच. मागून मागून थकलो.

कलम ३. बारा लाकडी शिपाई. एका साहेबाच्या मुलासाठी केले आणि चतुर्थीला गणपतीच्याच पाटावर वाळत ठेवले, ही चूक माझी. हरिहरभटांना दिसते कमी, घाई फार. प्राणप्रतिष्ठेची तुपातली दूर्वा त्यांनी शिपायांच्या छातीला लावली. आरती संपायच्या आत बाराही जण खाली उतरून कवायत करू लागले. भटजी म्हणाले, "गुणाजी, दीड दिवसात पोचवून ये यांना." चार वर्षे झाली.

कलम ४. गेल्या शिमग्यात परशुराम दोन पैलवान घेऊन आवडीला घराबाहेर काढायला आला. भरदुपारी. शिपायांनी पैलवानांच्या पायांखाली गरम सरस ओतला व परशुरामाचे धोतर खाटेला बांधले. तो धोतर सोडून आंब्यावर चढला. विजयानंतर शिपायांत हुद्द्यांवरून भांडण लागले. हल्ली बाराही सुभेदार आहेत, शिपाई कोणीच नाही. परशुराम तेव्हापासून गावभर सांगतो, ही भुते बुडवा. धर्म त्याला त्याच दिवशी आठवला.

कलम ५. भटजीही तेच म्हणतात, म्हणून काल सकाळी बाराही जणांना टोपलीत घालून तळ्यावर गेलो. आवडीने पायरीवर टोपली धरली, सोडीना.

"अगं, शास्त्र आहे," मी म्हटले.

"असेल. बाबा, हे वारल्यापासून घरात सगळे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. हे बाराजण रोज विचारतात, बाई, जेवलात का?"

मला फार लाज वाटली. जावई जाऊन सहा वर्षे झाली, मी एकदाही विचारले नव्हते. टोपली परत आणली. सबब, आवडी जिवंत असेतो विसर्जन करू नये. नंतर शिपायांनाच विचारावे.

रात्रीच्या पानावर मी तिला विचारले. ती म्हणाली, "नाही अजून. बसा, दोघांचं वाढते."

सही: गुणाजी राघोबा चितारी
साक्ष: हरिहरभट (वाचून घेतले, स्वतः नीट दिसले नाही)
साक्ष: गुरुदत्त वैद्य (नाडी पाहिली, शुद्धीवर आहेत)
मुक्काम ठाणे, माघ शुद्ध पंचमी, शके १८११