आपट्याचं सोनं आणि एक हजेरी

आबा, यंदाही दसऱ्याला भिंतीवरची तलवार मीच उतरवली. तेल लावून पुसली, झेंडूची माळ घातली. पूजा आटोपेपर्यंत फाफडा-जलेबीला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम अजून पाळते. एक मात्र मोडते. आपट्याचं सोनं घेऊन आधी समोरच्या घरी जाते.

सात वर्षांची असताना गेले होते, तेव्हा वाडीच्या भर गल्लीतून दंडाला धरून तुम्ही मला परत आणलंत आणि स्वयंपाकघरात उभं केलंत. "त्यांच्या पूर्वजानं आपला मारलाय. त्या घरी सोनं द्यायचं नाही." आई पोळ्या लाटत राहिली. राजघराण्यातले दोघे भाऊ गादीसाठी भांडले, मराठ्यांनी मराठे कापले, आणि हाती काय लागलं? मधे पडलेले इंग्रज मुलूख घेऊन बसले. हे तुम्हीच सांगायचात आणि वर मिशीवरून हात फिरवायचात. मला तेव्हा तुमचा भयंकर राग यायचा.

पुढे मी दफ्तरखान्यात मोडी वाचायला लागले. गल्लीत केबलच्या तारा आल्या ते वर्ष. एका दुपारी त्याच लढाईची हजेरी, शिपायांच्या नावांची यादी, हातात आली. एकाच पथकात, एकाखाली एक, आपला आणि त्यांचा. दोघांपुढे शेराही एकच, कामास आले. आबा, ते एकाच बाजूनं लढले होते, एकाच दिवशी पडले होते.

त्याच महिन्यात ताईनं तुम्हाला सांगितलं की तिला समोरच्या घरातल्या मुलाशी लग्न करायचंय. तुम्ही भिंतीवरच्या तलवारीकडे बोट केलंत. "मला नको, हिला विचार." ताई गुजरातीत एवढंच म्हणाली, "चालशे, आबा," आणि कपडे वाळत घालायला गेली. तो मुलगा पादरा गावी गेला, दुसरीशी लग्न करून संसाराला लागला. ताई अजून इथल्याच अकोटा भागातल्या शाळेत शिकवते, एकटी राहते. तुमच्या शेवटच्या आजारात तुम्हाला भरवायला तीच होती.

त्या हजेरीची नक्कल तेव्हा माझ्या पर्समध्ये होती, आबा. तुमच्यासमोर काढायचा धीर झाला नाही. ताईला मी सांगितलंय, तुम्ही गेल्यावर सापडली म्हणून. ती म्हणाली, "बिचाऱ्या आबांना तरी कुठे ठाऊक होतं."

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. खरं तर ते तिलाच द्यायला हवं, आणि तेवढं माझ्याच्यानं अजून होत नाही.