नुसतं बघायचं गाव

पुणे, ता. १२-८-७४

ती. आईला नागनाथचा जय भीम.

मी बरा हाय, दोन टाइम जेवतो. बाबांचा खोकला कसा हाय? अजून तितक्याच बिड्या ओढायलेत का?

आमच्या डॉक्टरसायबांनी आपल्या तालुक्यात बिडी सोडवायचा प्रयोग काढलाय. निम्म्या गावांना समजावून सांगायचं, बाकीच्यांना काहीच सांगायचं न्हाई, नुसतं बघायचं. मग फरक कळतो म्हणे. चिठ्ठ्या टाकल्या. राणीसावरगावाला सांगणार, आपल्या गावाकडं नुसतं बघणार. आपल्याकडं लांबून बघायची लोकांची सवय जुनीच हाय.

घरी कळवायचं न्हाई, अशी सायबांची ताकीद हाय. कळवलं तर नोकरी जाईल.

बाबांच्या बिड्या आजच चुलीत घाल, सोबत हे पत्रबी. आन् सायब तपासायला येतील तवा माझ्यासाठी थोडं खोका, असं बाबांना सांग.

तुझा,
नागनाथ