ड्रममधली बांगड्याची मुंडकी

बाबा, आज सकाळी सेक्रेटरी आपल्या दारात आले होते. तेच, तुमच्या वेळचे, फक्त केस गेलेत. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आता ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा असा पालिकेचा नियम आला म्हणून त्यांना माझी आठवण झाली. "मॅडम, तुम्ही इंजिनिअर. गच्चीवर खताचा ड्रम लावून द्या ना." मॅडम! मी त्यांना आत या म्हटलं नाही.

तुमचा निळा ड्रम त्याच गच्चीवर होता. दिवसभर कचऱ्याच्या गाडीवर, घरी आल्यावर आंघोळ, आणि मग तुम्ही वर जायचात: भाजीची देठं, केळ्याची सालं, त्यावर सुका पाला, मूठभर जुनं खत. मी आता कामावर ओलं-सुकं वजन करून घालते. तुम्ही मुठीत दाबून बघायचात आणि माझ्याहून कमी चुकायचात. "मासळी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घाल," हे तुमचं गावाकडचं. "पण मासळी ड्रममध्ये नको हां."

मी सातवीत होते. एका रविवारी वास जिन्यात उतरला. सगळ्यांसमोर हेच सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ही बिल्डिंग आहे की देवनारचं डम्पिंग ग्राउंड? कामावरचं घरी कशाला आणता?" लोक हसले. तुम्ही हात जोडलेत. "चुकलं माझं. आत्ता काढतो." बस्स. ड्रम गोणीत रिकामा केलात, ती पाठीवर घेऊन चार मजले उतरलात, आणि मी कठड्याशी उभी राहून तुमचाच राग करत होते. अजून करते. एक शब्द तरी बोलायचा होता. ज्यांचा कचरा रोज उचललात, त्यांच्यापुढे हात कशाला जोडायचे?

आज मी सेक्रेटरींना म्हटलं, "माझ्या बाबांनी इथेच खत केलं होतं."

"हो, आठवतंय ना. पण त्यांना जमलं नाही हो. घाण वास मारायचा."

ड्रममध्ये बांगड्याची मुंडकी मी टाकली होती, बाबा. नुसत्या पाण्यावर कढीपत्ता एवढा वाढतो, तर मुंडक्यांवर दुप्पट वाढेल, असा माझा तर्क. गोणी भरताना ती तुमच्या हाताला लागली असणारच. तरी तुम्ही मला काही विचारलं नाहीत, आणि विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं इतकी वर्षं मी धरून चालले. आज सेक्रेटरींना सांगायला दार उघडं होतं. मी म्हटलं, "रविवारी गच्चीवर येते," आणि दार लावून घेतलं.