भिंगं बाबांची, फ्रेमा काकांच्या

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (पत्रात तुला 'तुम्ही' म्हणावं असा आईचा आग्रह आहे. पण जिला जन्मभर 'ए आत्या' म्हणून हाक मारली तिला एकदम 'तुम्ही' म्हटलं, तर भाचीला काहीतरी हवंय असा तुझा समज होईल. तसं अजिबात नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिन्यावरून उलटं उतरण्याचा तुझा नवा उपाय चालू आहे की डॉक्टरांनी बंद करायला लावला? फोन का केला नाही म्हणशील, तर तू फोन उचललास की स्पीकर लावतेस. मग माझं बोलणं तुझं अख्खं घर ऐकतं आणि तुझ्या सासूबाई मधूनच निकाल देतात. शिवाय लेखी गोष्टीला वजन असतं, हे मी आता रीतसर शिकले आहे.

अभ्यास उत्तम चाललाय. वाणिज्य आणि कायदा अशा आमच्या जोडपदवीचं हे तिसरं वर्ष. सकाळी हिशेब, दुपारी कायदा. वाणिज्यवाल्यांना वाटतं की आम्ही कधीही त्यांच्यावर दावा लावू, आणि कायदावाल्यांना वाटतं की आम्ही त्यांच्या कॅन्टीनमधल्या चहाचा नफा-तोटा काढत बसलोय. दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधे पडतो, असं काका माझ्या प्रवेशाच्या वेळीच म्हणाले होते. पण मी पडलेले नाही. उलट दोन्ही डगरी माझ्याकडे बघून चालतात असं माझं मत आहे. घरात तर माझा शब्द प्रमाण. दूधवाल्याशी वाद झाला तरी आई 'थांबा, आमच्या मुलीला बोलावते' म्हणते, आणि त्यावर दूधवाला लगेच माघार घेतो. (तो मला घाबरतो की मी बोलायला लागले की त्याचं दूध नासेल या भीतीने घाईत असतो, हे अजून स्पष्ट व्हायचं आहे.) काका मला 'हायकोर्ट' म्हणतात. म्हणजे म्हणायचे. सध्या ते मला काहीच म्हणत नाहीत. ती हकिगत पुढे येईलच.

तर झालं असं, की आमच्या भागीदारी कायद्याच्या सरांनी (यांना आम्ही 'परंतुसर' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या वाक्याच्या मधून आणि 'परंतु'पासून सुरू होतं) सगळ्यांना एक प्रात्यक्षिक दिलं. एखादी खरीखुरी भागीदारी शोधायची, भागीदारांशी बोलायचं आणि त्यांच्यासाठी करारनामा तयार करायचा. वर्गातली बाकी मुलं भागीदार शोधत गावभर हिंडत होती. मला कुठे जायला हवं? आपलं चष्म्याचं दुकान आहे की! बाबा आतल्या खोलीत डोळे तपासतात, काका बाहेर आरशापाशी फ्रेमा बसवतात, आणि आजोबा गेल्यापासून दोघांमध्ये कागदाचा कपटा नाही. परंतुसरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. करारनामा नसलेली भागीदारी म्हणजे बिनकुलपाचं घर, परंतु चोर अजून आला नाही म्हणून कुणाला कळत नाही, असं ते म्हणाले. आता वाटतं की चोर येत नव्हता तर कुलूप कशाला लावायचं. पण हा विचार अभ्यासक्रमात नाही.

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की भागीदारांचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकून घ्यावं. म्हणून मी बाबांना जेवणाच्या टेबलावर बसवलं आणि काकांना गच्चीवर. प्रश्न साधेच होते. दुकान कोण उघडतं? बाबा. बंद कोण करतं? काका. तोवर ठीक होतं. पण दुकान उघडणं कष्टाचं की बंद करणं, हा पुढचा प्रश्न मी विचारला, आणि आत्या, मी तुला शपथेवर सांगते, त्या क्षणापर्यंत या दोघांपैकी कुणीही त्याचा विचारच केलेला नव्हता. बाबांना अचानक आठवलं की शटर गंजलेलं असतं ते उघडतानाच. काकांना आठवलं की शटर खाली ओढायला कंबर लागते. आणि मग आलं ते कलम. भागीदाराला वेड लागल्यास काय करावं? हे कलम मी माझ्या मनाने घातलेलं नाही, ते सगळ्याच करारनाम्यांत असतं. कायद्याला वाटतं की धंदा करणारा माणूस कधी ना कधी वेडा होणारच, आणि आपलं घर पाहिल्यावर मला कायद्याचं कौतुक वाटतं.

काकांनी उत्तर दिलं, "दादाला वेड लागलं तर मी सांभाळेन. आजवर दुसरं काय करतोय?" बाबांनी उत्तर दिलं, "तो वेडा झाला तर मीच बघेन त्याचं, पण झालाय हे कळायला आम्हाला वेळ लागेल." तूच सांग, याहून प्रेमाची उत्तरं सख्ख्या भावांनी द्यायची तरी कशी? पण रात्री जेवताना बाबांनी हळूच मला विचारलं की वेडाच्या कलमावर तो काय म्हणाला. आणि मी (इथे परंतुसरांना माझा अभिमान वाटायला हवा होता) ताठ मानेने म्हणाले की हे मला सांगता येणार नाही, व्यावसायिक गोपनीयता आहे. काकांनी विचारलं तेव्हाही तेच. झालं. ज्या गोष्टीवर दोघे पोटभर हसले असते ती गोष्ट गोपनीय ठरली, आणि गोपनीय म्हटल्यावर प्रत्येकाने तिच्यात आपापल्या मनातलं वाईटात वाईट भरलं. दोन दिवसांनी मी गोपनीयता मोडून दोघांना एकमेकांची उत्तरं सांगून टाकली. पण तोवर बाबांच्या मते मी काकांची वकील झाले होते आणि काकांच्या मते बाबांची, आणि वकिलाचं खरं कोण मानतं?

आता दोघे बोलत नाहीत. घरात तर नाहीच, पण दुकानातही नाही, आणि दुकानात न बोलणं धंद्याला परवडत नाही. बाबा नंबर तपासून चिठ्ठी देतात. बाबांचं अक्षर तुला माहीत आहे, मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं. पूर्वी काका नुसतं ओरडून विचारायचे, "दादा, हे एक आहे की सात?" आता ते गिऱ्हाइकालाच परत आत पाठवतात. निवृत्त मुख्याध्यापिका बाई आहेत ना, त्या परवा इतक्या वेळा आत-बाहेर झाल्या की शेवटी त्यांनी दोघांनाही ओणवं उभं राहायची तंबी दिली. समोरच्या शिवणकामवाल्या बाईंच्या चष्म्यात जवळच्या ऐवजी लांबचा नंबर बसला. त्यांना आता सुई दिसत नाही, पण पलीकडच्या इमारतीतलं सगळं दिसतं. चष्मा बदलून देतो म्हटलं तर त्या देत नाहीत. म्हणतात, राहू दे, शिवणापेक्षा हे बरं आहे.

आई आणि काकू यांचं मात्र पहिल्यासारखंच गूळपीठ आहे. दोघींचं एका मुद्द्यावर पूर्ण एकमत झालंय, ते म्हणजे मला वसतिगृहात पाठवावं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि आमच्याकडे कोर्टच घरी येऊन जेवतं, असं काकू म्हणाली. मला हे अन्यायाचं वाटतं. भांडण माझ्यामुळे झालं हे कुठेही सिद्ध झालेलं नाही. मी फक्त प्रश्न विचारले.

आता मुद्द्याची गोष्ट. दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलंय. काकांनी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक गाळा बघून ठेवलाय, आणि वाटणीचा कागद करायचं काम (वकील एकच उपलब्ध असल्यामुळे) दोघांनी माझ्याकडेच दिलंय. मी ते अत्यंत निःपक्षपातीपणे करते आहे. डोळे तपासायची खुर्ची, अक्षरांचा तक्ता आणि भिंगं बाबांची. आरसा, काउंटर आणि फ्रेमा काकांच्या. वाणिज्याच्या दृष्टीने वाटणी इतकी समतोल आहे की ताळेबंद पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त एवढंच, की यापुढे कुणालाही चष्मा हवा असेल तर त्याला रस्त्याच्या या टोकाला भिंगं घेऊन, ती रुमालात बांधून, त्या टोकाला चालत जावं लागेल, आणि तेही बिनचष्म्याने. दुकानाचं नाव कुणी घ्यायचं यावर गाडी अडली आहे. बाबा म्हणतात नाव झालं ते माझ्या नंबरांमुळे, काका म्हणतात नंबर कोण बघतो, नाव झालं ते माझ्या गोड बोलण्यामुळे. दोघेही रोज माझ्याकडे कागद मागतात आणि मी रोज मुदतवाढ घेते. कायद्यातली मला खरोखर चांगली येणारी ही एकच गोष्ट आहे. पण परवा काका नेहमीप्रमाणे दुकान बंद करून घरी आले, किल्ली बाबांच्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि निघून गेले. बाबा ती किल्ली बराच वेळ बघत बसले. ते मला बघवलं नाही, आत्या.

पण तू काळजी करू नकोस. सगळं माझ्या हाताबाहेर गेलंय असं मुळीच नाही. माझा दोन्ही विषयांवर विश्वास आहे. एक नाही तर दुसरा उपयोगी पडेलच. तुझ्या घरी सगळ्यांना माझे नमस्कार, लहानांना एकेक धपाटा. गुडघ्याला जप आणि जिना सरळच उतर.

तुझी लाडकी (निदान अजून हा किताब कुणी काढून घेतलेला नाही)
भाची

ता. क. : प्रात्यक्षिकाचा निकाल लागला. माझा करारनामा वर्गात पहिला आला. 'या करारनाम्यामुळे भागीदारांत मतभेद होण्यास वाव राहिलेला नाही,' असा परंतुसरांनी शेरा मारलाय. घरी कुणाला दाखवला नाही.

ता. क. : शेरा मारून झाल्यावर सरांनी तोंडी एकच प्रश्न विचारला. दुकान मुळात कुणाचं? आजोबांचं, मी म्हणाले. मृत्युपत्र? नाही केलं. मग त्यांना मुलं किती? दोन, मी ताडकन म्हणाले. सर म्हणाले, परंतु तू मघाशी कुणा आत्याबद्दल बोलत होतीस ना? आत्या, ऐक. वर्गात पहिली आलेली, घरातलं हायकोर्ट, तुझी लाडकी, आणि मी दोन म्हणाले. कायद्याने तीन मुलं म्हणजे तीन समान हिस्से, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात.

त्यावरून मला एक युक्ती सुचली आहे, आणि मघाशी खुशालीचं पत्र म्हटलं ते विसर. तू ये. दुपारी ये, म्हणजे दोघेही दुकानात सापडतील. सरळ डोळे तपासायच्या खुर्चीवर बस आणि माझा तिसरा हिस्सा द्या म्हण. दुकानाचं नावही माग. जरा आवाज चढव, तो तुला चढवता येतो. पुढचं मी सांगते. बाबा घाबरून काकांकडे बघतील, काका घाबरून बाबांकडे, आणि हिचं आता करायचं काय हे ठरवण्यासाठी दोघांना आतल्या खोलीत जाऊन एकमेकांशी बोलावंच लागेल. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, तसा तिसऱ्याच्या भांडणात दोघांचा का होऊ नये? एकदा का ते आत बोलायला लागले, की मग 'मी गंमत केली' म्हणून सांग, आणि चहा मागव. मी बोलावलं हे मात्र सांगू नकोस.

ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. वरचं गमतीचं वाक्य खोडलेलं समज. तुझ्या हक्काचं नाटक करून भावांची दिलजमाई करायची आणि मग हक्क पुन्हा पिशवीत घालून तू घरी जायचं, असं मी किती सहज लिहून गेले! आईला विचारलं तर ती म्हणाली की लग्नाआधी आरशापाशी तूच बसायचीस, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम कशी टेकवायची ते काकांना तूच शिकवलंस. हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी बाबांना टेबलावर बसवलं, काकांना गच्चीवर, आणि तुला कुठेच नाही. तेव्हा जो प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारायला हवा होता तो आता विचारते. आत्या, तुला दुकान हवं आहे का? नको असेल तर नाटक करायला ये, तुझी मी ऋणी राहीन. आणि हवं असेल तर आवाज चढवायची काही गरज नाही. ये आणि तुझ्या जागेवर बस.