रोज एक बटण

१५ मार्च २०२०
सिल्लोडहून सामान घेऊन हर्सूलला आलो. धाकटा भाऊ बन्सी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाली करतो. मलाही तिथेच कारकुनी मिळाली. खोली लहान आहे, पण वारा छान येतो. बन्सीने माझ्यासाठी नवी चादर आणून ठेवली होती. शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, आता मोठ्या भावाच्या धाकानं तरी सुधरंल. बन्सी म्हणाला, धाक नाय मावशी, जन्मठेप हाय. तरी बरं, जेल जवळच हाय. खूप हसलो.

२६ मार्च
सगळं बंद. बन्सी झोपेच्या गोळ्या खातो. इथे त्यांना बटण म्हणतात. सहा वर्षांची सवय आहे आणि विकणारा आता येत नाही. त्याच्या पँटीत आठ गोळ्यांचं पाकीट सापडलं. मी ते पिठाच्या डब्यात लपवलं. सुटायची हीच वेळ, असं मला वाटलं.

३० मार्च
त्याचे हात थरथरतात, घाम थांबत नाही. बाहेर पडला तर पोलीस मारतील, म्हणून जाताना बाहेरून कडी लावतो. तो आतून म्हणतो, दादा, अर्धी तरी दे. मी दाराला तोंड लावून हळूच सांगतो, दोन दिवस काढ, सुटशील.

२ एप्रिल
रेशनच्या रांगेतून आलो, कडी काढली. आकडी येऊन बन्सी गेला होता. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. मला माहीत नव्हतं.

११ एप्रिल
दहावा. घाटावर जाऊ दिलं नाही, गच्चीवरच पान ठेवलं. कावळा शिवेना. बन्सीची माफी मागितली, तरी शिवेना. वच्छलाबाई जिन्यातून म्हणाल्या, जीव कशात अडकलाय ते बोला की भाऊ. मी डब्यातलं पाकीट आणलं. एक गोळी भातावर ठेवून म्हणालो, घे, रोज देईन.
कावळ्याने गोळी उचलली. भाताला चोच लावली नाही.

१२ एप्रिल
भर दुपारी कावळा खिडकीत. गोळी ठेवली तेव्हाच उडाला.

१६ एप्रिल
नवी चादर घामाने भिजलेली. बन्सी गेल्यापासून मी तिच्यावर झोपत नाही.

१८ एप्रिल
शेवटची गोळी दिली. वच्छलाबाईंना सकाळी क्वारंटाइनला नेलं. आता मजल्यावर मी एकटाच.

१९ एप्रिल
दुपार. कावळा आला नाही. बरं वाटलं — तेवढ्यात बाहेरून कडी लागली.

हाका मारल्या. कोणी नाही —

हात थरथरतायत. घाम — मी तर कधी एकही —

दाराला तोंड लावून कोणीतरी हळूच — बन्सीचा आवाज — दोन दिवस काढ, दादा —

मी म्हणालो, अर्धी तरी