एर्सिलियाची नक्कल

प्रिय एर्सिलिया,

परवाचा फोन माझाच होता. "ए… ए… एर्सि…" एवढंच तोंडातून निघालं आणि तू म्हणालीस, "नून्झिया, सत्तरी उलटली तरी माझी नक्कल सोडवत नाही का गं तुला?" मग फोन ठेवून दिलास.

नक्कल नव्हती ती. फेब्रुवारीत मला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून जीभ अडखळते. पण इथे नेपल्समध्ये कुणाला पटत नाही. औषधाच्या दुकानात गोळीचं नाव तोंडातच अडकलं, तर दुकानदार हसून म्हणाला, "बाई, अजून तश्शाच आहात." रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचं काय चुकलं? तुझं तोतरं बोलणं मी आधी नाटकात उचललं, मग पडद्यावर. अकरा सिनेमे त्या एका बोलण्यावर चालले. पहिल्या प्रयोगाला तू आईशेजारी बसली होतीस. लोक पोट धरून हसत होते आणि तू मान खाली घालून उठून गेलीस. ते मी रंगमंचावरून पाहिलं, आणि पुढच्या वाक्याला आणखी अडखळले, कारण हशा वाढत होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आता दिवसभर घरात गप्प बसून असते. तुझ्याशिवाय हे कुणाला कळणार? पण पत्र पाठवलं तर तुला वाटेल, स्वतःवर आल्यावर हिला बहीण आठवली. आणि ते खरंच आहे, एर्सिलिया. झटका आला नसता तर मी फोन केला नसता.

तुझी थोरली,
नून्झिया