कोरडी कुऱ्हाड

मंगळवार, संध्याकाळ

पुस्तकाचं सातवं प्रकरण आज पुरं करणार होतो. वाटूरकडचा खून आणि आरोपीनं दाखवलेल्या विहिरीतून काढलेली कुऱ्हाड. माझ्या फौजदारकीतला सगळ्यात गाजलेला तपास. एक तपशील विचारावा म्हणून रहीमभाईंना फोन केला. ठाण्यासमोर त्यांचं चहाचं हॉटेल होतं. त्या पंचनाम्याचे पंच तेच.

ते सहज बोलून गेले, "साहेब, विहीर मी कुठं पाह्यली? तुम्ही बोलावलं, मी ठाण्यातच कोऱ्या कागदावर सही केल्ती."

मंग विहिरीवर कोण होतं? मी तरी गेल्तो का? जमादारानं कुऱ्हाड माझ्या टेबलावर आणून ठेवली, एवढंच डोळ्यांसमोर येतं. ती कोरडी होती. कोर्टात मात्र मी शपथेवर सांगितलं, माझ्यासमोर काढली. त्या माणसाला जन्मठेप झाली. आणि काल मी लिहिलं, कुऱ्हाडीवरून पाणी निथळत होतं. लिहिताना मला ते दिसतही होतं.

कोरडी होती.

हिनं जेवायला दोनदा हाक मारली, पण उठवत न्हाई. आधीची सहा प्रकरणं उघडायची बिलकुल हिंमत होत न्हाई. त्या सगळ्यांतही पंच रहीमभाईच आहेत.